तिळगुळाची गाडी

हसणार नाही म्हणा, तरच सांगतो. बघा, तुम्ही आत्तापासूनच हसून राहिले! बरं, चहा घ्या अन् ऐका. अशी फजिती माझी साठ वर्षांत झाली नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी रोबोट बनवला. खरंच! पत्त्यांच्या डबीएवढा कॉम्प्युटर, खाली चार चाकं, वर ताट ठेवायला फळी. तीन महिने व्हिडिओ पाहून पाहून शिकलो. त्या चिमुकल्या कॉम्प्युटरला ना पडदा, ना बटणं. आपण लॅपटॉपवरून, वाय-फायनं, त्याला नावानं हाक मारायची अन् हुकूम सोडायचा. माझ्याचं नाव ठेवलं होतं 'गाडी'.

आमची मालती आधी म्हणे, "या वयात खेळणं घेऊन बसले!" पण गाडी स्वयंपाकघरातून बैठकीत आली, त्या दिवशी बाई पाघळली. आमच्या अख्ख्या राइट टाउन मोहल्ल्यात सांगत सुटली, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या. आमच्या ह्यांचा रोबोट तिळगूळ वाटणार आहे!" झालं! आता गाडी चालली नाही, तर माझं सोडा, चारचौघींत मालतीची मान खाली जाणार.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची केतकी आली. पुण्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली आमची भाडेकरू. माझं पाहून तिनंही तश्शीच गाडी जोडली होती. "काका, सॉफ्टवेअर टाकताना अडकलेय. बघता का?"

बघता का म्हणजे? अहो, मला गुरुजी मानणारं कोणीतरी भेटलं होतं! म्हटलं, "कशाला डोकं शिणवतेस? माझ्या गाडीच्या मेमरी कार्डाची जशीच्या तशी कॉपी करून देतो." दिली. वाय-फाय घरभर एकच, तेही आपसूक जुळलं. मी दुपारभर शीळ वाजवत फिरलो.

पाच वाजता बैठक भरली. शेजारच्या दुबे भाभी पहिल्या खुर्चीत. मी मालतीला म्हटलं, "या बाईला रोबोटमधलं काय कळते? लाडू खायला आल्या." या हिंदी मुलखात घरी मराठी बोलण्याचा हाच फायदा, मोकळं बोलता येते. भाभी माझ्याकडे पाहून गोड हसल्या.

मी हुकूम सोडला, पुढे चल. गाडी ढिम्म.

"काहून जी?" मालती पुटपुटली.

"गरम होऊन राहिली," मी ठोकून दिलं.

पुन्हा हुकूम. ढिम्म. वेग वाढवला. वरून धाडकन आवाज आला. या पोरीला आजच कपाट सरकवायचं होतं? बॅटरी बदलली. चाकांना तेल दिलं. शेवटी दातओठ खात फुल स्पीड सोडला! वर भांडी कोसळली अन् पाठोपाठ किंचाळी.

"भाईसाहब, आपका रोबोट शर्माता है क्या?" दुबे भाभी म्हणाल्या. बायका फिदीफिदी हसल्या. मालतीचा चेहरा एवढासा झाला. तो पाहून मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात केतकी धडधडत जिना उतरून आली. हातात तिची गाडी उलटी धरलेली, चाकं गरागरा फिरताहेत. "काका, ही वेडी झालीये! कुंडी पाडली, भांडी पाडली, आणि आता माझ्याच मागे लागली!"

मी ऐटीत म्हटलं, "तुझ्या वायरिंगमध्ये घोळ असेल. ठेव तिकडे, आधी माझी बघू दे." मी थांबायचा हुकूम दिला. केतकीची थांबली. पुढे चल म्हटलं. केतकीची फिरायला लागली. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

मालतीनं कमरेवर हात ठेवले. "अहो, तुम्ही बटण दाबता अन् तिची फिरते. तुमच्या गाडीचं नाव काय?"

"गाडी."

"अन् तिच्या गाडीचं?"

मी कपाळावर हात मारला. जशीच्या तशी कॉपी, नावासकट! मी हाक मारायचो अन् 'ओ' वरची द्यायची.

"आमच्या माहेरी दोन बाळू होते," मालती म्हणाली, "पाणी एकाला मागितलं की दुसरा आणायचा. चला, हिचं बारसं करा!"

बायकांना निमित्तच पाहिजे होतं. केतकीच्या गाडीला कुंकू लागलं, नाव ठेवलं 'रेवा'. मी लॅपटॉपवरून तिचं नवं नाव टाकलं, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. हुकूम सोडला, अन् माझी गाडी निघाली हो! तिळगुळाचं ताट घेऊन थेट मालतीसमोर उभी. मालतीच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. मागून रेवा हळदीकुंकू घेऊन आली.

मग सगळ्या मालतीच्या मागे लागल्या, उखाणा घ्या! तिनं पदर सावरला.

"बटण दाबलं खाली, गाडी पळाली वर,
श्रीधररावांच्या हुशारीची खबर गेली घरोघर!"

सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या? दुबे भाभींनी! मी चाट पडलो. "भाभी, आपको मराठी आती है?"

"बीस साल से पड़ोस में हूँ, भाईसाहब," त्या म्हणाल्या. मग ताटातला दुसरा लाडू उचलून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "अन् लाडू खायलाच तर आले होते!"