नसीम मॅडम आणि दोन चमचे कूट

नसीम मॅडम कुणाच्याही डब्यातला घास घेण्याआधी चौकशी करायच्या. मंठ्याच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मधल्या सुट्टीत आम्हा सगळ्या शिक्षकांची उलटतपासणी घ्यायच्या. "बाई, यात शेंगदाणे हैत का? कूट? बराबर आठवून सांगा." आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होते कुठे! 'नाही' म्हटलं तरी समाधान नसायचं. चमचा कोणता, तेल कशाचं, सगळं विचारायच्या. एका निरोप समारंभात त्यांनी आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी शेंगदाण्यांनी आपण मरता मरता वाचलो, असं त्या सांगत. मला ती थेरं वाटायची.

एका दुपारी मी वांग्याचा रस्सा नेला होता. दाटपणासाठी त्यात दोन चमचे कूट होता. त्यांनी विचारलंच. त्या दिवशी माझा संयम संपला. एवढ्याशानं काय होतंय, असं मनात म्हणत मी सरळ 'नाही' म्हणाले.

चार घास झाले असतील. त्या ओठ चोळू लागल्या. मानेवर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले. पित्त असेल म्हणून मी गोळी शोधायला लागले, तोवर त्यांना उलटी झाली, आवाज घोगरा झाला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, "गोळीनं भागणार न्हाई. इंजेक्शन लागतंय. जल्दी चला."

दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं. कूट, मी म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मांडीत इंजेक्शन दिल्यावर हळूहळू त्यांचा श्वास मोकळा झाला. त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं.

चौथ्या दिवशी त्या शाळेत आल्या. मी माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त चीड आली. "माफीचं राहू द्या. पालकसभेत सांगा. मी इतकी वर्षं सांगून राह्यले, कोणी ऐकत न्हाई." मी टाळत राहिले. त्या रोज आठवण करून देत राहिल्या.

शेवटी उभी राहिले. काही खाल्ल्यावर गांधी, सूज, उलटी असं एकदम सुरू झालं, आवाज बसला किंवा धाप लागली, तर घरी वाट बघत बसू नका, असं सांगून खाली बसणार, तोच मॅडमनी पहिल्या रांगेतून मान हलवली. अजून बाकी होतं.

"कूट मी घातला होता," मी म्हणाले, "आणि नाही असंही मीच सांगितलं होतं."

मग मागून एक आई उठली. तिच्या मुलीचे ओठ अंड्यानं सुजतात, पण सवय होईल म्हणून घरचे तिला अंडं बळंच खाऊ घालतात. ते बंद करायचं का, असं तिनं विचारलं. मी उत्तर देण्याआधीच मॅडम खुर्ची सरकवून तिच्याकडे निघाल्या होत्या.