दह्याचा दोष

मी जन्माची भित्री भागूबाई. पण त्या दिवसाइतकी पुन्हा कधी भ्यायले नाही.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याला राहायचो. मी गाणं शिकत होते, आणि जळगावच्या रेडिओ स्टेशनवरून आवाजाच्या चाचणीचं पत्र आलं. पास झाले की रेडिओवर गाणार, नाव काढणार, हे बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या, गल्लीनं ठरवूनच टाकलं. मला मात्र पत्र आल्यापासून घास गिळवेना.

निघताना मायनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. "खाई ले पोरी. काम व्हई जाई." गायला जाताना दही खाऊ नये, हे तिला कोण सांगणार? मला माहीत होतं, तरी खाल्लं. एवढ्याशा दह्यानं काय होतंय? पारोळ्याच्या स्टँडवर हळूच गुणगुणून पाहिलं, आवाज स्वच्छ होता.

स्टुडिओला खिडकी नव्हती. जाड दार लागलं आणि मला माझाच श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. काचेपलीकडे तिघं बसलेले. लाल दिवा लागला आणि माझी पाचावर धारण बसली. तंबोरा वाजत राहिला, मी तोंड उघडलं, पण सा काही लागेना. तिघांतले एक गृहस्थ आत आले. "पाणी प्या. घाई नाही, पुन्हा सुरू करू."

पुन्हा त्या दिव्याकडे बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मी म्हणाले, "सर, गळा बसलाय. आईनं सकाळी दही दिलं."

ते हळहळले. सहा महिन्यांनी परत अर्ज करा म्हणाले.

बाहेर थांबलेल्या नानांना, म्हणजे वडिलांना, मी तेच सांगितलं. घरी येताच त्यांनी मायला फैलावर घेतलं. सगळा दोष स्वतःकडे घेत ती एवढंच म्हणाली, "मनी चूक शे." मी चपला काढत होते. तशीच आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माय हळद-मिठाचं कोमट पाणी घेऊन उशाशी हजर. "गुळण्या कर. गळा मोकळा व्हई जाई." मी गुळण्या करायची आणि मुद्दाम घोगरं बोलायची. बरी झाले असं दिसलं तर पुन्हा जळगाव, पुन्हा तो दिवा. सहा महिने गेले, अर्ज काही केला नाही. हळूहळू गाणंच सुटलं. बाया म्हणायच्या, आईनंच पोरीच्या गळ्याचं वाटोळं केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण बोलायची छाती झाली नाही.

पुढच्या मार्चात धाकट्या बहिणीची दहावीची परीक्षा. ती तळहात पुढे करून उभी राहिली. मायनं त्यावर गुळाचा खडा ठेवला.

"दही कुठंय?" बहिणीनं विचारलं.

"मी आते कोणले दही देत नही," माय म्हणाली, आणि दह्याचं भांडं तिनं फडताळात मागं सारलं.

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी माझ्या त्या घोगऱ्या आवाजात बहिणीला म्हणाले, "गूळही चालतो. जा, उशीर होईल."