रद्द गाडीला डिझेल पाजत नाहीत

गोव्याच्या वर पोचून आमचं विमान मागे फिरलं. खाली ढग दाटलेत, धावपट्टी दिसत नाही, परत मुंबईला चाललोय, असं सांगण्यात आलं. पणजीच्या दवाखान्यात माझी नात पल्लवी एकटी होती. आठवा महिना, रक्तदाब चढलेला, पाच वाजता ऑपरेशन. नवरा बोटीवर नोकरीला. आई लहानपणीच गेलेली, मीच तिला वाढवलं. "आजी, तू आलीस की मग मी आत जाईन," असं ती फोनवर म्हणाली होती. शेजारी बसलेले साळवेभाऊ घड्याळ बघून म्हणाले, "अर्धी फेरी फुकट गेली, वैनी."

साळवेभाऊ नाशिकला इंदिरानगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. मूळचे सिन्नरकडचे, एसटीत तीस वर्षं कंडक्टर. रिटायर झाल्यावरही कुणी पिशवी घेऊन निघालेलं दिसलं की विचारायचे, "दारापासून दारापर्यंत किती तास?" माणूस बडबड्या. मला पुष्कळदा वैताग यायचा. पण मी विमानात कधी बसले नव्हते आणि सोबत येतो म्हणणारे तेवढे एकच निघाले.

विमानावर त्यांचा राग होता. मुंबई-गोवा सव्वा तास, असं कुणी म्हटलं की ते बोटं मोजायला लागायचे. नाशिकहून विमानतळ गाठायला पाच तास, तिथं दोन तास बसायचं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. "सव्वा तास विमानाचा. माणसाचा पुरा दिस जातो."

मुंबईत दार उघडल्यावर लोक भांडायला लागले. दहा-बारा जण टॅक्सीने जातो म्हणून उतरूनही गेले. रस्त्याने किती तास लागतील याचा विचार न करता मीही पिशवी काढली. जन्मभर रस्त्याचं कौतुक करणारा माणूस, तेही उतरतील असं वाटलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून खाली बोट दाखवलं. विमानाला टँकर लागला होता.

"गाडी डिझेल पितेय. रद्द गाडीला कोण डिझेल पाजतं? ड्रायव्हरबी उतरला नाय. बसा."

ही तुमची एसटी नाही, मी म्हटलं. आणि पाचपर्यंत नाही पोचलो तर? त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत धरले.

"तर जल्मभर शिव्या द्या मला. पण आत्ता उठू नका."

दोन वाजता विमान हललं. साळवेभाऊंनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. पुढचा गृहस्थ चिडून मागे वळला. त्याला म्हणाले, "काय नाय, डबल बेल दिली."

या वेळी गोव्याची धावपट्टी दिसली. साडेचारला आम्ही दवाखान्यात. पल्लवीनं माझा हात धरला आणि साळवेभाऊंना बघून रडता रडता हसली. "आजोबा, दारापासून दारापर्यंत किती?"

"साडेबारा तास," ते म्हणाले. "जाहिरातीत सव्वा लिहितात."

मागच्या वर्षी साळवेभाऊ झोपेतच गेले. भिंतीपलीकडे आता शांतता असते. मला ती आवडत नाही.

त्या दिवशी पाच वाजता पल्लवी आत गेली. ती जगली. तिची मुलगी जगली, आता पहिलीत आहे.