कूस बदलणारा रस्ता

आमच्या गल्लीत दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर चढायचा आणि आमची घरं एकेक पायरी खाली जायची. यंदा मात्र यंत्र आलं ते जुना रस्ताच खरवडू लागलं. समोरच्या मालतीकाकू फाटकाला धरून बघत होत्या. रोज सकाळी त्या तिथंच, फाटकासमोर रस्त्यावर, रांगोळी काढतात.

"हे सगळं कुठं नेऊन टाकणार हो?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"टाकायचं कशाला, काकू? गरम करून, थोडं नवं डांबर घालून परत इथंच अंथरणार."

मी खिडकीत बसून त्या काळ्या चुऱ्याकडे पाहत राहिले. कुणाच्या स्कूटरचं सांडलेलं तेल, वरातीत तुडवलेली फुलं, कितीतरी दिवाळ्यांची रांगोळी, सगळं त्यात असणार आणि वितळून पुन्हा आमच्याच पायांखाली येणार. झोपेतल्या माणसासारखा रस्ता नुसता कूस बदलतोय, असं वाटलं आणि माझेही डोळे जड झाले.

रस्ता निवला त्या सकाळी पाहिलं, तर काळ्याभोर डांबरावर काकूंनी फक्त चार ठिपके ठेवले होते.

"आज एवढीच, काकू?"

"बाकीची आहे की खाली," त्या म्हणाल्या आणि हात झटकून आत गेल्या.