सगळ्यांचं उत्तर ‘हो’

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. आधी बरीच वर्षं वॉर्डात नर्स होते, मग डहाणूत नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागले. माझा विषय साधा होता: नर्स जे समजावून सांगते, ते पेशंटपर्यंत पोचतं का? डहाणूतल्याच मसोलीच्या माझ्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून मी प्रश्नावली तयार केली. ‘परिचारिकेने दिलेली माहिती आपणास समजली का?’ अशा थाटाची.

तलासरीच्या एका रुग्णालयात बाळंतिणींकडून ती भरून घेतली. सगळ्यांचं एकच उत्तर. “हो, सिस्टर.”

मी खूश. गाइड मॅडम मात्र फोनवर म्हणाल्या, “इतकी छान उत्तरं आली की मला भीतीच वाटते.” मुंबईत बसून यांना काय कळणार, असं मी मनात म्हटलं.

त्या वर्षी माझ्यासोबत तलासरीपलीकडच्या एका पाड्यावरची विद्यार्थिनी वॉर्डात असायची. घरी वारली बोलणारी. पेशंटशी वारलीत बोलली म्हणून मी तिला दोनदा झापलं होतं. “इथे नीट मराठीत बोलायचं. आपण नर्स आहोत.” तेव्हापासून ती गप्पगप्प झाली होती.

एका दुपारी फार कमी वजनाच्या बाळाची आई होती. बाळाला उघडं करून छातीशी धरून ठेवायचं, त्याला आपली ऊब द्यायची, हे मी तिला सांगितलं. समजलं का, विचारलं. “हो.” मी फॉर्मवर खूण केली. अर्ध्या तासाने पाहते तर बाळ दुपट्यात गुंडाळून बाजूला ठेवलेलं, पावलं गार.

“आत्ताच सांगितलं ना तुला?”

“हो, सिस्टर.”

माझा आवाज चढला, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “मॅडम, मी बोलू?”

ती सरळ फरशीवर बसली. बाळंतीणही खाली उतरून तिच्याशेजारी बसली आणि वारलीत बोलायला लागली. दोन शब्दांपुढे न जाणारी ती बाई थांबेचना. मला निम्मंच कळलं.

“तिच्या बहिणीचं बाळ कुशीत झोपलेलं असताना गेलं,” मुलीने सांगितलं. “छातीवर ठेवलं आणि डोळा लागला तर हेही गुदमरेल, असं वाटतं तिला.”

“मग ती ‘हो’ का म्हणाली?”

“तुम्ही रागावाल म्हणून.” तिने बाळाचं दुपटं सोडवायला घेतलं. “मी पण ‘हो’च म्हणते, मॅडम.”

मुलीने बाळ आईच्या छातीशी बांधलं, नाक मोकळं कसं राहतं ते दाखवलं, आपले डोळे मिटायला लागले तर बाळ सोबत आलेल्या सासूकडे द्यायचं म्हणून सांगितलं. मग बांधलेलं सगळं परत सोडून म्हणाली, आता तू करून दाखव. बाईने दाखवलं. संध्याकाळी बाळाची पावलं कोमट होती. पुढे वजन वाढलं आणि दोघं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्या मुलीची माफी मागितली. मग गाइड मॅडमना फोन केला.

“मला प्रश्नावली फेकून द्यायचीय.”

“वर्षभराचं काम जाईल. एथिक्स समितीची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल.”

“घेईन.”

“अहो, मग वाट कसली बघताय?” त्या हसल्या.

नवे प्रश्न विद्यार्थिनींनीच बायांच्या बोलीत लिहिले. माझी वारली ऐकून त्यांची हसून पुरेवाट व्हायची. ‘समजलं का’ हा प्रश्न आम्ही काढूनच टाकला. ‘घरी सासूला काय सांगशील, ते मला सांग,’ असं विचारायचं. बाया सांगायच्या, अडायच्या, शंका विचारायच्या. काम दोन वर्षं लांबलं, पण या वेळची उत्तरं खरी होती.

शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “ही पद्धत कुठून घेतलीत?”

“पुस्तकातही आहे, सर. पण मी शिकले माझ्या विद्यार्थिनीकडून. तिचं तोंड बंद करून झाल्यावर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे प्रबंधात लिहिलंय?”

“पहिल्याच प्रकरणात.”

निकाल कळताच पहिला फोन तिलाच केला. ती आता स्टाफ नर्स आहे. मागे वॉर्डाचा गलका ऐकू येत होता. “डॉक्टर मॅडम!” ती एवढ्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला.

सोमवारी नवी बॅच होती. मी विचारलं, “घरी कोण काय बोलतं?” वारली, मांगेली, गुजराती, हात वर होत गेले. मग ‘कुठे दुखतंय?’ हे प्रत्येकीने आपापल्या बोलीत फळ्यावर लिहिलं आणि मला म्हणायला लावलं. माझे उच्चार ऐकून असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून बघायला आले.