रिकाम्या पिंजऱ्यातला वास

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला लोक रस्त्यावर कोहळा फोडतात, तो ओलांडून मी कामाला जाते. पण हे वेगळंच... तोंडाने कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

बंगळुरूत, हेब्बाळच्या एका संशोधन संस्थेत मी उंदरांचे पिंजरे धुते. आमच्या मॅडम पुण्याच्या. लिव्हर खराब झालं की मेंदूतली प्रोटीन कशी बदलतात, याचा अभ्यास त्या उंदरांवर करतात. अशा आजारी उंदरांना एक वास येतो – गोडसर, कुजलेल्या फणसासारखा. सुरुवातीला माझा घास घशाखाली उतरत नव्हता.

त्यातला एक अगदी भ्रमिष्ट झाला होता. सगळा भुसा ओढून डाव्या कोपऱ्यात ढीग करायचा, त्यावरच हगायचा, आणि त्यातच तोंड खुपसून बसायचा. बघून अंगावर शिसारी यायची. एक दिवस मॅडमनी अभ्यासासाठी त्याचा मेंदू काढून घेतला. मी पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, नवा भुसा पसरला आणि रिकामा ठेवला.

दुसऱ्या दिवशी भुसा डाव्या कोपऱ्यात. ओला, चिकट. वर ताज्या लेंड्या... आणि तोच वास.

सुपरवायझर मंजुनाथअण्णांना वाटलं, मी आजारी उंदीर भलत्या पिंजऱ्यात ठेवला आणि आता लपवते आहे. तसं असतं तर मॅडमचं सगळं काम वाया गेलं असतं, आणि माझी नोकरीही. अण्णांनी सगळे पिंजरे तपासले. उंदीर जागच्या जागी होते. तरी ते म्हणाले, "अक्का, खरं सांगा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मलाही स्वल्प शंका आली, माझंच काही चुकलं का. पुन्हा धुतला. पुन्हा तेच. शेवटी धीर करून मॅडमना म्हटलं, आज तुम्हीच धुवा, कुलूपही तुम्हीच लावा.

त्यांनी धुतला, किल्ली घरी नेली. सकाळी दार उघडलं आणि वासाने आम्ही तिघंही मागे सरलो. मॅडमनी हातमोजा घालून त्या ढिगात बोट घातलं, झटकन काढलं.

"गरम आहे," त्या म्हणाल्या, आणि बेसिनकडे धावल्या. त्या ओकत होत्या तेव्हा मी त्यांची पाठ धरली. अण्णांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

पिंजरा जाळून टाकला. नोकरी राहिली. हे कशामुळे झालं, मॅडमनाही सांगता येत नाही.

त्या उंदराचा मेंदू अजून फ्रीझरमध्ये आहे, कामाला लागतो म्हणे. तो फ्रीझर मीच साफ करते. हल्ली बर्फ फक्त डाव्या कोपऱ्यात साचतो. मी श्वास रोखून खरवडते... नाकाने श्वास घेऊन बघायची हिंमत अजून झालेली नाही.