फोटो नसलेला देव्हारा

एव्हान्थिया रस्ते काढायची ते माझ्या कॉफीच्या दुकानात, टेबलावर अंथरलेल्या कागदावर. परदेशी पाहुणे गाडी घेऊन आले की त्यांच्यासमोर बसायची, पेन्सिल उचलायची आणि अख्खा प्रवास आखून द्यायची. कुठल्या खिंडीत सकाळचं ऊन येतं, कुठल्या गावात पालकाची पिटा खावी, कुठे गाडी थांबवून नुसतं गप्प बसावं. मग तो कागद टर्रकन फाडून त्यांच्या हातात द्यायची. कागद माझा, नाव तिचं. नवरा गेल्यापासून तिने यातच जीव रमवला होता, आणि आमच्या ग्रीसमधल्या पिंडसच्या डोंगरातले रस्ते तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

तिच्या खुणा मात्र विचित्र. आमच्याकडे ज्या वळणावर कुणी दरीत पडून जातं, तिथे घरचे लोक खांबावर पत्र्याचा एवढासा देव्हारा बसवतात. आत संताची तसबीर, तेलाचा दिवा आणि गेलेल्याचा फोटो. "निळ्या देव्हाऱ्यानंतर दुसरा गियर, मिशीवाल्यापाशी उजवीकडे," असं ती खुशाल सांगायची. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. पण तिने पाठवलेल्या एकाचाही फोटो कुठल्या देव्हाऱ्यात लागला नव्हता, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

वसंतात एकदा ती तणतणत दुकानात आली. नदीच्या दरीवरून जाणारा तिचा सगळ्यात लाडका रस्ता. त्याच्या ऐन वळणावर कोरा करकरीत देव्हारा उभा होता. दिवा जळत होता, फोटो नव्हता. तिथे कोण गेलं, असं तिने मला विचारलं. मी पाद्रीबाबांना विचारलं, पाववाल्याला विचारलं. तिथे कुणीच गेलं नव्हतं. ती पुन्हापुन्हा जाऊन बघून यायची, आणि दर वेळी दिव्यात तेल भरलेलं असायचं. गावात कुजबुज सुरू झाली, की घर तयार आहे, पाहुणा यायचाय. मी त्या लोकांना मूर्खात काढलं खरं, पण त्या रस्त्याने जायचं मीही सोडलं.

एव्हान्थियाने तो रस्ता आपल्या कागदावरून काढूनच टाकला. एका डच जोडप्याने खूप गळ घातली, पण ती बधली नाही.

"तो देव्हारा मी पाठवलेल्याची वाट बघतोय, स्टेर्ग्या," ती मला म्हणाली. "माझ्या हातून कुणीतरी मरणार."

तिची झोप उडाली. कॉफी पिऊन झाल्यावर, अजून कॉफी का आणली नाहीस म्हणून माझ्यावर डाफरायची. काळजीने होत असेल, असं मी धरून चाललो.

शेवटी आम्ही खालच्या गावात, असे देव्हारे बनवणाऱ्या लांब्रोसकडे गेलो. तो फोटो नसलेला देव्हारा कुणी करवून घेतला, असं तिने दरडावूनच विचारलं. बाई थट्टा करतायत असं वाटून तो हसला.

"तुम्हीच की, ताई. बर्फात गाडी घसरली, पाइनच्या झाडाला अडकली म्हणून वाचले, म्हणालात. वाचलेली माणसंही बसवतात ना आपल्याकडे? मग फोटो कशाला लागतोय?"

एव्हान्थियाही हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हतो. बाहेर येऊन तिने गाडीची डिकी उघडली. आत तेलाची अर्धी बाटली होती, वाती होत्या, काडेपेटी होती. खोटं कशाला सांगू, मला त्या बाटलीची भीती वाटली.

"आणखी काय काय विसरले असेन रे मी?" तिने विचारलं. मी डिकी लावून टाकली.

परतताना त्याच रस्त्याने जाऊ, म्हणाली. गाडी मी चालवतो म्हटलं, पण तिने किल्ली दिली नाही. मग परसात यंदा घेवडा लावायचा की नको, यावर बोलत राहिली. मला जरा बरं वाटलं. ते वळण आलं तशी तिने गाडी हळू केली. दिवा जळत होता. ती वाकून निरखून बघायला लागली.

"आत फोटो नाही," ती म्हणाली. "कुणाचा असेल रे हा, स्टेर्ग्या?"

मी दाराची मूठ घट्ट धरली.

"वाचलेल्या माणसाचा," मी म्हटलं.

तिने छातीवर क्रूस काढला.

"नशीबवान दिसतोय," ती म्हणाली, आणि खाली न बघताच दुसरा गियर टाकला.